वायफायचा पासवर्ड पक्का आहे, मग राउटरमध्ये शिरलं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या, घरी दहावीच्या शिकवण्या घेणाऱ्या एक ताई लिहितात: "घरी फायबरचं कनेक्शन आहे. दोन मोबाइल, मुलाचा लॅपटॉप, टीव्ही आणि दारावरचा कॅमेरा त्यावर चालतो. वायफायचा पासवर्ड सोळा अक्षरी आहे. तरी महिनाभर काही साइट उघडायला गेलं की भलतंच जाहिरातीचं पान येतं, कधी 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' अशी सूचना येते. मोबाइल रिसेट केला, लॅपटॉपमध्ये अँटिव्हायरस घातला, फरक पडला नाही. मोबाइल डेटावर मात्र सगळं ठीक चालतं. राउटरला व्हायरस लागतो का? डबा बदलावा का?"

ताई, हो, लागतो. आणि निदान तुमच्याच लिहिण्यात आहे. मोबाइल डेटावर ठीक, वायफायवर बिघाड, आणि तोही एका यंत्रावर नाही तर सगळ्यांवर. दोष मोबाइलात असता तर डेटावरही दिसला असता. म्हणजे बिघाड सगळ्यांच्या समाईक वाटेवर आहे आणि ती वाट भिंतीवरच्या डब्यातून, म्हणजे राउटरमधून, जाते. गेली २२ वर्षं मी बडोद्यात घरांची, दवाखान्यांची, क्लासेसची नेटवर्कं लावतो आणि दुरुस्त करतो. अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा राउटरमधला डीएनएसचा रकाना उघडतो.

डीएनएस म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपण ब्राउझरात साइटचं नाव लिहितो, पण नेट चालतं आकड्यांच्या पत्त्यांवर. नाव सांगितलं की पत्ता सांगणारा जो सर्व्हर असतो तो डीएनएस. कोणाला विचारायचं, हे घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर सांगतो. आता समजा, परगावच्या माणसाने मांडवीखाली उभं राहून न्यायमंदिराची वाट विचारली आणि सांगणाऱ्याने लहेरीपुऱ्याऐवजी पाणीगेटकडे बोट दाखवलं. माणसाची चूक नाही, त्याच्या गाडीची चूक नाही, पण तो पोचणार उलट्या दिशेला. तुमच्या घरातले मोबाइल आणि लॅपटॉप त्या परगावच्या माणसासारखे आहेत. ते कितीही स्वच्छ केले तरी वाट सांगणारा तोच आहे.

बँकेच्या साइटबद्दल तुमची तक्रार नाही, त्याचंही कारण आहे. हल्लीच्या बहुतेक साइटना स्वतःचं प्रमाणपत्र असतं आणि ब्राउझर ते तपासतो. खोटा सर्व्हर बँकेसारखं पान दाखवू शकतो, पण बँकेचं प्रमाणपत्र कुठून आणणार? तेव्हा ती 'कनेक्शन खाजगी नाही' सूचना म्हणजे ब्राउझरने चोर पकडल्याची हाक आहे. तिथे 'तरीही पुढे जा' असं दाबता येतं आणि लोक कंटाळून दाबतात. मुलाला आज सांगा, ते बटण दाबायचं नाही. त्या महिन्यात कोणी ते दाबून पासवर्ड किंवा कार्डाचे आकडे भरले असतील, तर ते पासवर्ड मोबाइल डेटावरून बदला. पैसे गेलेले दिसले तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. त्यात तासातासाने फरक पडतो.

आता मूळ मुद्दा. तुमचा सोळा अक्षरी पासवर्ड चांगला आहे, पण ज्या दाराने चोर आला ते दार त्या कुलपाचं नाही. राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायला जोडायचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा राउटरच्या आतल्या सेटिंगच्या पानाचा, ॲडमिनचा. हा दुसरा पासवर्ड मी ज्या घरांत जातो त्यातल्या बहुतेकांना असतो हेच माहीत नसतं. तो कारखान्यातून 'ॲडमिन, ॲडमिन' असा येतो किंवा बसवणारा माणूस स्वतःच्या सोयीचा ठेवतो. २०१६मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रामने, जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेव्हा त्याच्याकडे कसलीही जादू नव्हती. कारखान्यात ठरलेल्या नाव-पासवर्डाच्या साठेक जोड्यांची यादी होती आणि तो ती एकेका यंत्रावर वापरून बघत होता. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला डाइन या अमेरिकी डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडकल्या, त्यात हीच यंत्रं वापरली होती. आपल्याकडे २०१७च्या जुलैत बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमांवर असाच मालवेअर आला. ज्यांचा मूळ पासवर्ड बदललेला नव्हता असे मोडेम बंद पडले आणि कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदला म्हणून सांगावं लागलं.

तुम्ही म्हणाल, पण माझ्या राउटरपर्यंत बाहेरचा माणूस पोचतोच कसा? वाटा तीन-चार आहेत.

पहिली वाट घरातूनच जाते आणि लोकांना ती खरी वाटत नाही. मुलगा लॅपटॉपवर फुकट क्रिकेट किंवा सिनेमा दाखवणारी एखादी साइट उघडतो. त्या पानात दडलेला तुकडा ब्राउझरला सांगतो, १९२.१६८.१.१ या पत्त्यावर जा, ॲडमिन-ॲडमिन टाक आणि डीएनएस बदल. ब्राउझर घराच्या आत आहे, त्यामुळे राउटरला वाटतं घरच्याच माणसाने सांगितलं. कोणी भिंत फोडली नाही, आतल्याच माणसाच्या हातून कडी काढून घेतली. २०१८मध्ये ब्राझीलमध्ये एक लाखाहून जास्त राउटरांचे डीएनएस बदललेले सापडले. त्यात ही पद्धत होती आणि बँकांची खोटी पानं मांडून ठेवलेली होती. क्रोमसारखे नवे ब्राउझर आता घरातल्या यंत्राकडे जाणाऱ्या अशा विनंतीआधी परवानगी विचारू लागले आहेत, पण चार-पाच वर्षं अपडेट न झालेल्या मोबाइलवर ही वाट अजून मोकळी आहे. ॲडमिनचा पासवर्ड बदललेला असला की यातले बहुतेक प्रयत्न तिथेच संपतात. राउटरच्या पानावर काम झाल्यावर लॉगआउट करायचं तेही याचसाठी.

दुसरी वाट बाहेरून येते. राउटरमध्ये रिमोट मॅनेजमेंट नावाची सोय असते. ऑपरेटरला दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून ती चालू ठेवतात. याच कामासाठी ऑपरेटर ७५४७ क्रमांकाचं पोर्टही, म्हणजे राउटरचं एक ठरावीक दार, वापरतात. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट कोलमडलं, ते याच पोर्टवर झालेल्या हल्ल्यामुळे. आपल्या शहरात स्थानिक ऑपरेटरचं कनेक्शन असेल तर बऱ्याच वेळा तुमच्या राउटरला जगाचा थेट पत्ता मिळतच नाही. शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता असतो. यामुळे बाहेरच्या जगापासून थोडा आडोसा मिळतो. पण शेजाऱ्यांपासून मिळतोच असं नाही, आणि हे मी स्वतः पाहिलं आहे.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. धोक्याची पातळी २६ फूट आणि नदी ३५ फुटांच्या वर. समा, कारेलीबाग भागात तळमजल्यांतून गाळ काढून झाला तसे लोक आधी वीज आणि मग नेट मागायला लागले. कारेलीबागेत एका निवृत्त मास्तरांच्या घरी मी गेलो तेव्हा भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पाण्याची तपकिरी रेघ होती. ऑपरेटरच्या मुलाने नवा डबा त्या रेघेच्या वर, घड्याळाच्या खिळ्याला टांगला होता. त्याने दिवसाला कितीतरी घरं केली असणार, त्याच्या मेहनतीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण डब्याच्या पाठीवर काळ्या मार्करने ॲडमिनचा पासवर्ड लिहिलेला होता. ऑपरेटरच्या नावाची तीन अक्षरं आणि पुढे १२३. मी मास्तरांना विचारून लॅपटॉप जोडला, राउटरला मिळालेला पत्ता पाहिला आणि त्याच रांगेतला शेवटचा आकडा एकाने वाढवून ब्राउझरात टाकला. दुसऱ्या कोणाच्या तरी घरातल्या राउटरचं लॉगिनचं पान समोर आलं. त्या घरातही तोच मार्कर फिरलेला असणार, हे सांगायला पासवर्ड टाकून बघायची गरज नव्हती, आणि मी तो टाकलाही नाही. दुसऱ्याच्या राउटरमध्ये परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. मास्तर मागे उभे होते, त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे तो घरबसल्या आपलंही बघू शकतो?" बघू शकत होता. मी ऑपरेटरला पत्र लिहिलं, दोनदा जाऊन भेटलो. ग्राहकांना एकमेकांपासून वेगळं ठेवायची सेटिंग त्यांच्याकडच्या स्विचमध्ये, म्हणजे घरांच्या तारा जोडणाऱ्या यंत्रात, होती, ती चालू करायला त्यांना तीन आठवडे लागले. म्हणून सांगतो, कनेक्शन बसवून माणूस दाराबाहेर पडला की त्याच संध्याकाळी ॲडमिनचा पासवर्ड बदलायचा. पूर असो, नवीन घर असो, की उत्तरायणात मांज्याने तार तुटल्यावर डब्यासकट सगळं बदललेलं असो.

तिसरी वाट सगळ्यांत चिवट आहे, कारण तिथे तुमचा पासवर्ड कितीही चांगला असला तरी उपयोगी पडत नाही. ती म्हणजे राउटरच्या प्रोग्राममधलीच भोकं. यातला एक प्रसंग मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना नेहमी सांगतो. २०१४च्या डिसेंबरमध्ये चेक पॉइंट या कंपनीने जाहीर केलं की घरगुती राउटरांमध्ये वापरल्या जाणाऱ्या रॉमपेजर नावाच्या छोट्या वेब सर्व्हरमध्ये दोष आहे. खास तयार केलेली एक कुकी, म्हणजे ब्राउझर साइटला पाठवतो ती छोटी नोंद, पाठवली की राउटर ताब्यात येतो, पासवर्ड लागत नाही. जगभरात सुमारे १ कोटी २० लाख यंत्रं त्या जाळ्यात होती. आणि रॉमपेजर बनवणाऱ्यांनी हा दोष २००५ सालीच दुरुस्त केलेला होता. औषध तयार होतं, नऊ वर्षं ते रोग्यापर्यंत पोचलं नाही.

का पोचत नाही, ते कळलं की राउटर निवडायची नजर बदलते. डब्यावर नाव एका कंपनीचं असतं, पण आतली चिप दुसऱ्याची. चिपवाला स्वतःचा प्रोग्राम देतो, त्यावर तिसराच कारखाना बोर्ड बनवतो, मग नाववाली कंपनी आपलं रंगीत पान चढवते, आणि आपल्याकडे शेवटी ऑपरेटर त्यावर स्वतःच्या सेटिंग घालतो. दुरुस्ती वरून निघाली तर या चार हातांतून खाली यायला हवी. एकाने जरी म्हटलं की हे मॉडेल आता आम्ही विकत नाही, की ती तिथे थांबते. याच कारणाने एक भोक अनेक नावांच्या डब्यांत निघतं. २०२१च्या ऑगस्टमध्ये आर्केडियन या कारखान्याच्या प्रोग्राममधला एक दोष जाहीर झाला. तो १७ वेगवेगळ्या कंपन्यांच्या निदान २० मॉडेलांमध्ये सापडला, आणि जाहीर झाल्यानंतर काही दिवसांतच त्याचा वापर करून हल्ले सुरू झाले. २०१८मध्ये डासान या कंपनीच्या फायबरच्या डब्यांत तर पत्त्याच्या शेवटी एक ठरावीक शब्द जोडला की लॉगिनचं पान ओलांडून थेट आत जाता येत होतं. असे दहा लाखांहून जास्त डबे नेटवर उघडे होते. 'चांगल्या कंपनीचा घेतला आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नका, असं मी म्हणतो ते यामुळे. कंपनी त्या मॉडेलला अपडेट किती वर्षं देते हे विचारायचं. दुकानात हा प्रश्न कोणी विचारत नाही, अँटेना मात्र सगळे मोजतात.

वाड्यात राहणाऱ्यांसाठी एक वाट खास आहे, कारण तिला शेजारची भिंत पुरते. पासवर्ड न टाकता यंत्र वायफायला जोडण्यासाठी राउटरवर डब्ल्यूपीएस लिहिलेलं बटण असतं. बटणासोबत आठ आकड्यांचा एक पिनही असतो, बहुधा खालच्या स्टिकरवर. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, कोण बसणार मोजत? पण २०११च्या डिसेंबरमध्ये स्टेफान फीबॉक या संशोधकाने हिशेब मांडून दाखवला. आठवा आकडा आधीच्या सात आकड्यांवरून काढता येतो, म्हणजे उरले सात. त्यातही राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि ते बरोबर आहेत की नाही हे सांगून टाकतो. मग पहिल्या चारांसाठी जास्तीत जास्त १०,००० प्रयत्न आणि पुढच्या तिघांसाठी १,०००. दहा कोटींचे झाले ११,०००. राउटरने मध्ये अडवलं नाही तर काही तासांत पिन सापडतो, आणि पिन सापडला की राउटर स्वतःच तुमचा सोळा अक्षरी पासवर्ड वाचून दाखवतो. नंतरच्या काळात काही चिपांमध्ये तर हे काम मिनिटांवर आलं. नव्या राउटरांत चुकीच्या पिनांवर मर्यादा असते, तरी ज्या सोयीची गरज नाही ती बंद केलेली बरी. सेटिंगमध्ये जाऊन डब्ल्यूपीएस बंद करा, पिनसकट. दोन्ही वेगळ्या ठिकाणी असतात, नीट बघा.

कॅमेऱ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला त्याची काळजी वाटते. यूपीएनपी नावाची सोय राउटरमध्ये बहुधा चालूच असते. तिच्यामुळे घरातलं कोणतंही यंत्र न विचारता राउटरला सांगू शकतं, की माझ्यासाठी बाहेरून एक दार उघड. गेम खेळणाऱ्यांना ती सोयीची वाटते. स्वस्त कॅमेरे तिचा वापर करून स्वतःला जगासमोर मांडून ठेवतात आणि घरच्यांना पत्ता नसतो. २०१३मध्ये रॅपिड७ या कंपनीने सगळं नेट धुंडाळलं तेव्हा ८ कोटींहून जास्त पत्त्यांवरून यूपीएनपीचं उत्तर बाहेर आलं. जी सोय घराच्या आतल्या बोलण्यासाठी होती, ती रस्त्यावरच्यालाही ओ देत होती. तुमच्याकडे बंद करा. कॅमेरा त्याच्या ॲपमधून तरीही दिसतो, कारण हल्लीचे बहुतेक कॅमेरे कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतात.

वायफायच्या लहरींतल्या दोषांबद्दल थोडक्यात. २०१७मध्ये बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठाच्या माथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए२ या वायफायच्या कुलपातला क्रॅक नावाचा दोष दाखवला आणि बातम्या खूप झाल्या. त्याची दुरुस्ती मुख्यतः मोबाइल-लॅपटॉपच्या अपडेटमध्ये आली. तुमची यंत्रं त्यानंतर अपडेट झाली असतील तर त्याची चिंता नको. राउटरमध्ये सुरक्षा डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२-एईएस ठेवा. वेप हे जुनं कुलूप असेल तर ते २००१पासून फुटलेलं आहे, ते ठेवायचं नाही. वायफायचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (ठरावीक यंत्रांनाच जोडू देणारी यादी) लावणं या दोन्ही गोष्टींवर मी कष्ट घालत नाही. नाव हवेतून ऐकता येतं आणि यंत्राच्या मॅक पत्त्याची कोणालाही नक्कल करता येते.

आता तुमच्या घरी काय करायचं. घाई करून डब्याच्या मागच्या भोकात टाचणी खुपसू नका. फायबरच्या डब्यात ऑपरेटरचं यूजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (ऑपरेटरच्या जाळ्यातल्या तुमच्या वाटेचा) क्रमांक असतो. रिसेट केला की हे सगळं पुसलं जातं आणि नेट पूर्ण बंद होतं. मग दोन दिवस माणसाची वाट बघत बसावं लागतं, आणि शिकवण्या तुमच्या ऑनलाइनही असतात. आधी ऑपरेटरला फोन करून हे तिन्ही मागून घ्या, कागदावर लिहा. मग राउटरच्या पानात जा आणि डीएनएस दोन ठिकाणी बघा, एक वॅनच्या (बाहेरच्या नेटच्या) पानावर आणि एक डीएचसीपीच्या (घरातल्या यंत्रांना पत्ते देणाऱ्या) पानावर. अनेकजण पहिलं बघून ठीक आहे म्हणतात, आणि बदललेला आकडा दुसऱ्या पानावर बसलेला असतो. दोन्ही रकान्यांचा मोबाइलने फोटो काढा. नंतर तक्रार करायची झाली तर तोच पुरावा. तिथे ऑपरेटरने सांगितलेला, ८.८.८.८ किंवा १.१.१.१ सारखा ओळखीचा, किंवा राउटरचा स्वतःचा पत्ता असला तर ठीक. भलताच आकडा दिसला तर माझा अंदाज खरा.

त्यानंतर फायबरची पिवळी तार काढा आणि मग रिसेट करा. वाकवू नका, टोकाला बोट लावू नका, प्लॅस्टिकचं टोपण असेल तर लावून ठेवा. तार आधी का काढायची, तर मिराईच्या जातीचा मालवेअर राउटरच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतो. बंद-चालू केलं की जातो, पण जुनाच पासवर्ड असेल तर नेटला जोडल्यावर काही मिनिटांत परत येऊ शकतो. काही जाती त्याहून खोल मुळं धरतात. २०१८च्या मे महिन्यात उघड झालेला व्हीपीएनफिल्टर ५४ देशांतल्या निदान ५ लाख यंत्रांत होता आणि त्याचा पहिला भाग बंद-चालू करूनही टिकत होता. म्हणून क्रम असा: तार काढा, रिसेट करा, तार नसतानाच केबलने लॅपटॉप जोडून ॲडमिनचा पासवर्ड बदला, कागदावर लिहिलेली ऑपरेटरची माहिती भरा, रिमोट मॅनेजमेंट, डब्ल्यूपीएस आणि यूपीएनपी बंद करा, आयपीव्ही६चा (नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा) फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारी भिंत, चालू आहे ना ते बघा, मग तार जोडा आणि पहिलं काम म्हणून फर्मवेअरचा, म्हणजे राउटरच्या आतल्या प्रोग्रामचा, अपडेट शोधा. वायफायचा पासवर्डही बदला, जुना कुठेकुठे गेला असेल सांगता येत नाही. ॲडमिनचा पासवर्ड डब्यावर लिहू नका. घरात गॅसचं पुस्तक, रेशनकार्ड जिथे ठेवता तिथे वहीत लिहून ठेवा. कागदावरचा पासवर्ड दारातल्या चोराला दिसेल, नेटवरच्याला नाही.

गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, चालू करून शिकवणीच्या मुलांना तेच द्या. टीव्ही आणि कॅमेराही त्यावरच टाका. मग एखाद्या मुलाच्या मोबाइलात काही असलं तरी ते तुमच्या लॅपटॉपपर्यंत जाणार नाही. मुलांना हे अविश्वासाचं वाटेल असं समजू नका, सगळ्यांना सारखंच दिलं की प्रश्न येत नाही.

डबा बदलावा का? फर्मवेअरच्या पानावर तारीख असते. ती चार-पाच वर्षं जुनी असेल आणि कंपनीच्या साइटवर नवा अपडेट नसेल, तर हो, बदला, चालत असला तरी. २०२३च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत कोर्टाची परवानगी काढून शेकडो घरगुती आणि छोट्या ऑफिसांचे राउटर दुरून साफ करावे लागले. त्यातले बहुतेक सिस्को आणि नेटगिअरचे असे होते की त्यांना अपडेट देणं कंपन्यांनी बंद केलं होतं. मालकांना ते चालू दिसत होते, नेट येत होतं, आणि मागच्या दाराने दुसऱ्या देशातली माणसं त्यातून ये-जा करत होती. डबा ऑपरेटरचा असेल तर तो बदलून मागा. देत नसतील तर त्याला ब्रिज मोडवर, म्हणजे नेट नुसतं पुढे पाठवण्यावर, टाकायला सांगा आणि मागे स्वतःचा राउटर लावा, म्हणजे चाव्या तुमच्या हातात राहतील. नवा घेताना डब्ल्यूपीए३ आणि आपोआप अपडेट या दोन गोष्टी बघा.

'आमच्याकडे चोरण्यासारखं आहेच काय' असं मला रोज कोणीतरी म्हणतं. चोराला हवा असतो तो तुमचा पत्ता. गुजरातेत राहणाऱ्यांना हे सांगायला लागू नये. २६ जुलै २००८ला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा मेल गेला होता. त्याचा माग नवी मुंबईत राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या घरापर्यंत निघाला. त्याचा त्या मेलशी काही संबंध नव्हता, त्याचं वायफाय उघडं होतं, ते कोणीतरी वापरलं होतं. पोलीस मात्र त्याच्याच दारात आले. आज चोराला जवळ येऊन उभं राहायचीही गरज नाही. ताब्यात घेतलेल्या राउटरांचे पत्ते भाड्याने विकले जातात आणि फसवणुकीचा फोन किंवा बँकेतली घुसखोरी तुमच्या घरातून झाल्यासारखी दिसते.

हे काम रविवारी काढू नका. ऑपरेटरच्या ऑफिसात फोन उचलणारं माणूस असेल अशा दिवशी, सकाळच्या शिकवणीआधी तासभर मोकळा ठेवा. झाल्यावर डीएनएसच्या रकान्यांचे फोटो, राउटरचं मॉडेल आणि फर्मवेअरची तारीख एवढं कळवा. फोटोत यूजरनेम आलं असेल तर ते आधी झाका.